उडाल्या उडाल्या एक इंजिन गेलं तर एटीआर खाली येतं का?

पुढच्या महिन्यात आईंना घेऊन मुंबईहून एटीआरने जायचंय, आणि वर चढतानाच एक इंजिन बंद पडलं तर ‘ते पंख्याचं विमान’ थेट खाली येतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही येत. मी पायलट नाही. नोकरी विमानांच्या देखभालीत, हँगरमध्ये झाली. पण हा प्रकार एकदा प्रवासी म्हणून बसून पाहिलाय.

काही वर्षांपूर्वी मी आणि ही औरंगाबादला लग्नाला निघालो होतो. मला खिडकी, आणि खिडकीबाहेर बरोबर डावा पंखा. मुंबईहून बहुतेक वेळा पश्चिमेकडे उडतात. पार्लं, जुहू, की लगेच समुद्र. किनारा मागे पडला आणि आवाज पातळ झाला. स्फोट नाही, धूर नाही. दोन तंबोऱ्यांपैकी एक कुणी खाली ठेवावा, तसं. नाक किंचित डावीकडे वळलं आणि सरळ झालं. मघाशी जी पाती दिसतही नव्हती ती एकेक करून मोजता येऊ लागली. सहा. हिने विचारलं, “अहो, तो पंखा का थांबला?” म्हटलं, “थांबवलाय.” अंदाजच होता, पण आवाज ठाम ठेवला.

अंदाज बरोबर निघाला. ऑइल प्रेशर उतरलं म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं होतं.

बंद इंजिनाचा पंखा तसाच राहिला तर तो वाऱ्यात उघडी धरलेली छत्री होतो, विमानाला मागे खेचतो. म्हणून पाती फिरवून त्यांची धार वाऱ्याकडे करतात. याला फेदर करणं म्हणतात. टेकऑफच्या वेळी एटीआर हे आपलं आपण करतं, आणि दुसऱ्या इंजिनाची ताकदही वाढवतं: एटीआर ७२-५०० या मॉडेलमध्ये २,४७५ अश्वशक्तीवरून २,७५० वर. म्हणजे रोजच्या उड्डाणात दोन्ही इंजिनं थोडी हातचं राखूनच चालतात. धावपट्टीवर ‘व्ही वन’ हा वेग गाठण्याआधी बिघाड कळला तर ब्रेक. त्यानंतर कळला तर एका इंजिनावर उडायचंच. आणि दर १०० मीटरला निदान २.४ मीटर चढता आलं पाहिजे, असा दोन इंजिनांच्या प्रवासी विमानांसाठी नियम आहे. कुर्ला-पार्ल्याच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखाली, ज्यांच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट उंचीपायी अडलंय, ते विमानतळाला शिव्या घालतात. मीही घालतो. पण ती मोकळी ठेवलेली हवा अशाच विमानांसाठी आहे.

खरी भीती घाईची. तैवानमध्ये ४ फेब्रुवारी २०१५ ला ट्रान्सएशियाचं एटीआर ७२-६०० तैपेईहून उडालं. उजवा पंखा बिघाडामुळे आपोआप फेदर झाला. डावं इंजिन ठणठणीत होतं, आणि गडबडीत वैमानिकाने नेमकं तेच बंद केलं. ५८ पैकी ४३ जण गेले. एक इंजिन गेलं म्हणून नव्हे, दुसरंही घालवलं म्हणून. त्यामुळे साधारण ४०० फूट होईपर्यंत विमान सरळ ठेवण्यापलीकडे फारसं काही करू नका, असं शिकवतात. डावं गेलं तर विमान डावीकडे वळतं, ते सरळ ठेवायला उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबावा लागतो. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. मग दोघा वैमानिकांनी मोठ्याने बोलून खात्री करायची, आणि नंतरच इंजिनाच्या लिव्हरला हात.

म्हणून आम्हाला बराच वेळ कुणी काही सांगितलं नाही. मागे एक गृहस्थ “अरे, कुणी बोला तरी!” म्हणून ओरडले. त्यांचं चुकलं नाही, पण पुढे दोघांना बोलायला फुरसत नव्हती. आधी विमान, मग दिशा, मग एटीसी म्हणजे जमिनीवरचा नियंत्रण कक्ष, आणि प्रवासी सगळ्यात शेवटी. समुद्रावर एक मोठी फेरी झाली. ती इंधन जाळायला असते असा समज आहे. एटीआर ७२ जास्तीत जास्त २३ टनांनी उडतं आणि २२.३५ टनांनी उतरू शकतं, म्हणजे जाळायचं असं फार नसतंच. फेरी चेकलिस्ट वाचायला लागते. उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी अग्निशमनच्या गाड्या धावत होत्या. त्या नेहमीच बोलावतात, पण हिने माझा हात सोडला तो त्या मागे पडल्यावरच. लग्न चुकलं, आहेर दुसऱ्या दिवशी बसने जाऊन दिला.

एक इंजिन असलेल्या विमानाचं गणित वेगळं, तिथे इंजिन गेलं की समोर जागा शोधून उतरायचं. तुमचं ते नाही.

आईंना मागची सीट घ्या. एटीआरला प्रवाशांचं दार मागे असतं, म्हणजे आत फार चालावं लागणार नाही, आणि पंख्याचा आवाजही मागे कमी येतो. कानात घालायला थोडा कापूस जवळ ठेवा.