प्रेट्झेल चॉकलेटमध्ये बुडवताना चॉकलेटचा गोळा का होतो, आणि दुसऱ्या दिवशी पांढरे डाग का पडतात?

तुम्ही लिहिलंय की प्रेट्झेल (खारी, कुरकुरीत, बहुधा पीळ घातलेली बिस्किटं) बुडवायला वितळवलेलं चॉकलेट घट्ट वाटलं म्हणून चमचाभर दूध घातलं आणि सगळ्याचा गोळा झाला, मग पुढच्या वेळी दूध न घालता केलं तर छान चकचकीत झालं पण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी वर पांढरट चट्टे. हे दोन्ही उद्योग मी स्वतः करून बसलेय, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

आधी गोळ्याचं. वितळलेलं चॉकलेट दिसतं ओलं, पण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. कोको बटर (कोकोच्या बियांतली चरबी) वितळलेलं आणि त्यात बारीक साखर नि कोकोची पूड, बस. साखरेच्या डब्यात कुणी ओला चमचा घातला की कसे खडे होतात, तेच इथे होतं, चमचाभर दूध त्या साखरेला पुरेसं असतं. मी दूधसुद्धा घातलं नव्हतं. पातेल्यात पाणी, वर स्टीलचा बाऊल, त्यात चॉकलेट आणि लवकर वितळावं म्हणून भाताला ठेवतो तसं सवयीने वर झाकण! झाकणाखाली वाफेचे थेंब जमले आणि टपाटप आत. दोन मिनिटांत आटलेल्या पुरणासारखं सगळं चमच्याला लगडून आलं. गंमत म्हणजे थोड्या पाण्याने बिघडलेलं चॉकलेट भरपूर पाण्याने सुधारतं, त्यात थोडं थोडं गरम दूध घालत ढवळलं की मऊ सॉस होतो. प्रेट्झेलला त्याचा उपयोग शून्य कारण तो सॉस कडक होत नाही, पण आइस्क्रीमवर मुलांनी चाटूनपुसून खाल्ला. तेव्हा टाकून देऊ नका.

म्हणून बाऊल, चमचा, हात सगळं कोरडं ठणठणीत हवं, बाऊलचा तळ खालच्या पाण्याला टेकू द्यायचा नाही आणि गॅस एकदम मंद. लाकडी चमचा नको, त्यात ओल धरून राहते. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर तीस तीस सेकंद आणि प्रत्येक वेळी ढवळायचं, चॉकलेट आकार धरून बसतं आणि आतून वितळलेलं असतं त्यामुळे बघून कळत नाही. पातळच करायचं असेल तर दूध नाही, २०० ग्रॅमला छोटा चमचा खोबरेल तेल (खायचं, डोक्याचं नव्हे). पण तेल जास्त झालं की वरचं आवरण बोटाला लागतं, तुमच्या पुण्याच्या एप्रिलमध्ये तर नकोच.

आता पांढरे डाग. त्याची दोन कारणं असतात आणि तुमच्या बाबतीत दोन्ही झाली असतील असं वाटतंय. एक म्हणजे फ्रिज. गार प्रेट्झेल बाहेर काढलं की हवेतली वाफ त्यावर जमते, वरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेलं की साखर पांढरी होऊन उरते. दुसरं म्हणजे कोको बटर. ते सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी गोठू शकतं आणि त्यातली आपल्याला एकच हवी असते, जी चकाकते, तोडली की कटकन वाजते आणि साधारण ३४ डिग्रीला म्हणजे तोंडात गेल्यावर वितळते. नुसतं वितळवून गार केलं तर बाकीच्या तऱ्हा मिसळतात आणि मग एकदोन दिवसांत स्निग्धपणा वर येऊन राखाडी चट्टे. खायला काही अपाय नाही, फक्त कुणाला द्यायची लाज वाटते.

त्यासाठी टेंपरिंग करतात, म्हणजे वितळलेलं चॉकलेट ठरावीक तापमानाला आणून हव्या त्या तऱ्हेनेच गोठवायचं. संगमरवरी ओटा वगैरे काही लागत नाही. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा, त्यातलं ५०-६० ग्रॅम बाजूला ठेवा, बाकीचं ४५ डिग्रीपर्यंत वितळवा, खाली उतरवा, बाऊलचा तळ पुसा (हे मी अजून विसरते), मग बाजूला ठेवलेलं थोडं थोडं घालत ३१-३२ डिग्रीपर्यंत येईस्तोवर ढवळत राहा. मिल्क चॉकलेट असेल तर ४५ च्या वर नेऊ नका आणि २९-३० पर्यंत आणा. ते न वितळलेले तुकडे विरजणासारखं काम करतात, चांगल्या तऱ्हेचं विरजण लागलं की बाकीचं तसंच लागत जातं. थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला जरासं लावून बघा, किंचित गार लागलं पाहिजे. आणि सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा, पाचेक मिनिटांत चकचकीत सुकलं तर जमलं.

एवढी कटकट नको असेल तर सरळ कंपाउंड घ्या. पाकिटावर कोको बटरच्या जागी पाम किंवा हायड्रोजनेटेड तेल लिहिलेलं असतं ते कंपाउंड, केकच्या सामानाच्या दुकानात मोर्डे वगैरे कंपन्यांची स्लॅब मिळते. त्याला टेंपरिंग लागत नाही, वितळवा आणि बुडवा. चव थोडी मेणचट, पण पहिल्या खेपेला आणि मुलांच्या वाढदिवसाला मी तेच सुचवेन. पाण्याचं पथ्य मात्र त्यालाही तेवढंच.

प्रेट्झेलबद्दल कुणी फार बोलत नाही, पण निम्मं काम तिथे आहे. पावसाळ्यात पाकीट उघडून ठेवलं की ती सादळतात आणि सादळलेल्यावर चॉकलेट चढवलं तर आतून चामट लागतात. ओव्हनमध्ये १२० डिग्रीला आठदहा मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या, कोमट असतील तर केलेलं टेंपरिंग वाया. सुटं मीठ झटकून टाका म्हणजे ते बाऊलमध्ये पडत नाही, वरून हवं तर नंतर चिमूटभर जाड मीठ टाका. शिऱ्यात चिमूटभर मीठ का घालतात ते माहीत असेल तर हे वेगळं सांगायला नको.

बुडवताना काट्यावर धरा, आत टाकून वर काढा, काटा बाऊलच्या कडेवर चारपाच वेळा आपटा आणि खालची बाजू कडेला पुसून मगच बटर पेपरवर सोडा, नाहीतर खाली चॉकलेटचं थारोळं जमतं. लांब काड्यांची प्रेट्झेल असतील तर चॉकलेट उंच ग्लासात ओता. मग पंख्याखाली नाही आणि फ्रिजमध्ये नाही, गार खोलीत ठेवा. पुण्यात उन्हाळ्यात एसी लावा किंवा फार तर फ्रिजमध्ये दहा मिनिटं.

आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो आणि हा प्रकार इथे ख्रिसमसच्या आधी शेजारीपाजारी डब्यांतून फिरतो, आपल्याकडे दिवाळीचा फराळ फिरतो तसाच. इथून तासाभरावर लिटिट्झ नावाचं गाव आहे, तिथे स्टर्जिस यांची १८६१ सालची प्रेट्झेलची बेकरी आहे आणि पाहायला गेलं की कणकेच्या वळीला पीळ घालायला शिकवतात. त्याच गावात विल्बर कंपनीचा चॉकलेटचा कारखानाही होता, तो २०१६ ला बंद झाला. सासूबाईंना घेऊन गेलो होतो तर त्यांनी पहिल्याच झटक्यात वळून दाखवलं आणि म्हणाल्या, "अगं ही तर कडबोळी!" आकार थोडा वेगळा पण हात तोच.

आणि हो, खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारलंय म्हणून, खरी कडबोळी चॉकलेटमध्ये बुडवू नका. आम्ही बुडवून पाहिली, ओवा आणि तिखट तोंडात एकदम वर येतं. सासऱ्यांनी मात्र तीन खाल्ली.