दगडासोबत आलेली गोगलगाय

समुद्री अ‍ॅक्वेरिअमच्या टाकीत अनोळखी गोगलगाय दिसली की लगेच चिमटा घेऊन धावू नका. लाइव्ह रॉकवरून, म्हणजे टाकीत ठेवायच्या जिवंत जीवांनी भरलेल्या समुद्री दगडावरून, फुकटात येणाऱ्या बहुतेक जणी शेवाळ खाणाऱ्या, गरीब असतात. आधी शंख उलटा करून तोंड बघा. कडेला खाच किंवा पन्हाळीसारखी नळी असेल आणि तिच्यातून सोंड बाहेर येत असेल, तर ती बहुधा मांसाहारी समजा. नासारिअस नावाच्या गोगलगायीलाही अशीच सोंड असते, पण ती वाळूत पुरून राहते आणि मेलेलं खाते. तिला मारू नका. मी एकदा मारून बसलोय.

तोंड गोल म्हणजे निर्धोक, असंही नाही. झोअँथिड (गुच्छात वाढणारे, फुलांसारखे दिसणारे प्रवाळासारखे जीव) दिवसेंदिवस मिटलेलेच असतील तर रात्री टॉर्च घेऊन बसा. बुटका, गरगरीत, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शंख त्यांच्यात दडलेला सापडला, तर ती सनडायल गोगलगाय. तिचं जेवण झोअँथिडच. टाकीत ट्रायडॅक्ना जातीचा मोठा जिवंत शिंपला असेल तर त्याच्या बुडाशी आणि कडेला तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख शोधा. हे पिरॅमिडेलिड, म्हणजे परजीवी गोगलगायी, शिंपल्याचा रस शोषतात. मऊ टूथब्रशने घासून काढा, जेलीसारख्या अंड्यांच्या पुंजक्यांसकट, आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. एका फेरीत ते कधीच संपत नाहीत.