दत्तक कोण, आई की मुलगा?

बडोद्याच्या एका आजोबांचा प्रश्न आहे. नातीच्या शाळेतल्या भाषणात ‘सयाजीरावांच्या दत्तक आई जमनाबाई’ असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का, आणि नसेल तर काय म्हणावं?

धडधडीत चूक आहे. नातीला बोल लावू नका, ‘दत्तक पालक’, ‘दत्तक आईवडील’ हे वर्तमानपत्रांत वाचून वाचून डोळे विटलेत. जमनाबाईंना कुणी कुणाला दत्तक दिलं होतं? दिला गेला तो गोपाळ, कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा, वय वर्षं 12. 27 मे 1875 रोजी तो खंडेराव महाराजांच्या विधवा राणीच्या ओटीत घातला गेला आणि त्याचा सयाजीराव झाला. दत्तक तो, जमनाबाई दत्तक घेणाऱ्या.

‘रूढ झालंय, चालायचंच’ म्हणणाऱ्यांनी ग्वाल्हेरला जाऊन यावं. 1843 साली जनकोजीराव शिंदे वारले तेव्हा त्यांची विधवा ताराबाई स्वतःच पोरवयाची. तिने भगीरथरावाला दत्तक घेतलं, तेच पुढे जयाजीराव. तिथे ‘दत्तक आई ताराबाई’ असं लिहून बघा. त्या पोरीलाच कुणीतरी दत्तक घेतलं असं वाचणारा समजेल, आणि त्यात त्याची काय चूक?

‘दा’ म्हणजे देणे, त्यावरून ‘दत्त’ म्हणजे दिलेला, पुढे ‘क’. गुजराती शेजारी ‘खोळे लीधो’ म्हणतो, हिंदीवाला ‘गोद लिया’. दोन्हीकडे मांडी घेणाऱ्याची. आपल्या शब्दात मात्र हात देणाऱ्याचा आहे. ज्यांना ‘घेतलेला’च हवा, त्यांच्यासाठी संस्कृतने त्याच धातूला ‘आ’ लावून ‘आत्त’ करून ठेवलंय. करा ‘आत्तक’ रूढ!

पण खरी मजा पुढे आहे. गुरुवारी ज्याची आरती करता तो दत्त हाच. अत्री ऋषींनी पुत्र मागितला, भगवंत म्हणाले, मी मलाच तुला दिलं, म्हणून तो दत्त. भागवतात ही व्युत्पत्ती स्वच्छ दिली आहे. अत्रीचा म्हणून आत्रेय. तरी लग्नपत्रिकांवर ‘दत्तात्रय’ छापतात, आणि आमच्याकडचे एक नामवंत व्याख्याते त्यातला ‘त्रय’ काढून तीन तोंडांशी जोडून दाखवतात. तसं असतं तर ‘दत्तत्रय’ झालं असतं. मधला ‘आ’ काय व्याख्यात्यांनी पदरचा घातला?

आता माझं आवडतं मत. धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यात दत्तकाहून वेगळा एक ‘स्वयंदत्त’, म्हणजे ज्याने स्वतःलाच देऊन टाकलं असा. अत्रीचा दत्त असाच. आणि गोपाळही! निवडीसाठी आणलेल्या मुलांना विचारलं, इथे कशाला आलात? बाकीचे गप्प किंवा गडबडले, गोपाळ म्हणाला म्हणे, राज्य करायला. काशीरावांनी द्यायच्या आधीच पोरगा स्वतःला देऊन मोकळा! कागदावर दत्तक, स्वभावाने स्वयंदत्त.

यावर आमच्या मंडळातले शास्त्रीबुवा मनूची अट काढतात: स्वयंदत्त हा आईबाप नसलेला किंवा त्यांनी विनाकारण टाकलेला हवा, आणि गोपाळला कुणी टाकलं नव्हतं. कबूल. पण दत्ताला तरी कुणी टाकलं होतं? या प्रश्नावर शास्त्रीबुवा चहा मागवतात.

हां, ते भाषण. ‘जमनाबाईंनी गोपाळला दत्तक घेतलं’ एवढं सरळ वाक्य पुरे. पुन्हा उल्लेख आला तर नुसतं ‘आई’ म्हणावं, आणि उमाबाईंना ‘जन्मदात्री’. त्यातही ‘दा’ आहेच. आणि ‘खऱ्या आई उमाबाई’ असं तेवढं लिहू देऊ नका, म्हणजे जमनाबाई काय खोट्या होत्या?