सिगरेट सोडली, मग खोकला का वाढला?

प्रश्न : डॉक्टर, वय ४७, इचलकरंजीत पॉवरलूमचा धंदा. कॉलेजपासून सिगरेट, शेवटी शेवटी दिवसाला पाकीट जायचं. गणपतीत सोडली, तेव्हापासून हात लावला नाही, दीड महिना होत आला. पण खोकला उलट वाढलाय, सकाळी उठल्यावर कफ निघत राहतो, कधी काळपट असतो. टपरीवर दोस्त म्हणतात एकदम सोडली की असंच होतं, दिवसाला एखादी चालू ठेव. बायको म्हणते अजिबात नाही. कोणाचं खरं? आणि फुफ्फुसं परत पहिल्यासारखी होतात का, खरं काय ते सांगा.

उत्तर : दादा, वहिनींचंच खरं आहे. आणि दीड महिना काढलात ही लहान गोष्ट नाही, सगळ्यात अवघड दिवस मागे पडलेत तुमचे.

आधी खोकल्याचं बघू. श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसांपेक्षा बारीक तंतू असतात, ते सतत एका लयीत हलून धूळ-जंतू अडकलेला कफ वर घशाकडे सरकवत असतात. धुरामुळे हे तंतू लुळे पडतात, बरेच झडतात आणि कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढतात, त्यामुळे कफ भरपूर पण वर ढकलणारं कोणी नाही अशी अवस्था वर्षानुवर्षं असते. सिगरेट बंद झाली की तंतू हळूहळू परत उगवतात, हलायला लागतात, आणि खाली साठलेला माल वर यायला लागतो. सगळ्यांना असं होत नाही, पण ज्यांना होतं त्यातले बरेच जण नेमके इथेच घाबरून परत सुरू करतात. साधारण काही आठवडे ते काही महिने चालतं आणि मग कमी होत जातं. पाणी भरपूर प्या, वाफ घेतलीत तर घशाला बरं वाटेल. कफ सुटतोय तोवर खोकला दाबणारं सिरप मनाने घेऊ नका, तो बाहेर पडलेलाच बरा.

पण म्हणून प्रत्येक खोकला बरा होण्याचा असं धरून घरी बसू नका. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची टीबीची तपासणी करायचीच, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. कफात रक्त दिसलं, वजन उतरलं, संध्याकाळी ताप यायला लागला तर एक दिवसही थांबू नका. तुमच्या बाबतीत अजून एक, लूमच्या शेडमधली कापसाची धूळ फुफ्फुसाला स्वतंत्र त्रास देते, तेव्हा डॉक्टरांना धंदा काय ते आठवणीने सांगा आणि शेडमध्ये मास्क लावा. एक्स-रे बरोबर स्पायरोमेट्री पण करा, म्हणजे जोरात फुंकायची टेस्ट, कारण फुफ्फुसं बरीच खराब होईपर्यंत एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो.

आता पहिल्यासारखी होतात का. काही गोष्टी झपाट्याने सुधारतात, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसात उतरतो, नळ्यांची सूज काही महिन्यांत कमी होते, जिना चढताना लागणारी धाप कमी झालेली तुमची तुम्हालाच कळेल. पण ज्या वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती फाटून गेल्यात ते परत तयार होत नाहीत, आणि फुफ्फुसात बसलेली काजळी पण पूर्ण जात नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. तरी ज्या गोष्टीने आयुष्य बदलतं ती वेगळीच आहे. वयाबरोबर प्रत्येकाच्या फुफ्फुसाची ताकद थोडी थोडी कमी होतच असते. अमेरिका आणि कॅनडात श्वासनळ्या आक्रसायला सुरुवात झालेल्या हजारो स्मोकर्सवर ११ वर्षं अभ्यास झाला, त्यात पहिल्या सेकंदात जोरात फुंकून बाहेर पडणारी हवा मोजली. ओढत राहिलेल्या पुरुषांची ती दरवर्षी साधारण ६६ मिली घटत गेली आणि सोडलेल्यांची ३० मिली, म्हणजे जवळपास कधीच न ओढणाऱ्या माणसाइतकीच. दहा वर्षांचा हिशोब घाला, ६६० आणि ३००. साठीनंतर बाजारातून पिशवी घेऊन चालत घरी येणं आणि दारापर्यंत जाऊन दम लागणं, यातला फरक इथे पडतो.

आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी एक फार आशेची गोष्ट दाखवली. सोडलेल्या लोकांच्या श्वासनळीत काही जणांच्या ४० टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ निरोगी निघाल्या, धुराने डीएनए बिघडवलेला नाही अशा. अजून ओढणाऱ्यांपेक्षा चौपट. फक्त १६ जणांचे नमुने होते, पण सिगरेट सोडल्यावर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका उतरत का जातो याचं एक कारण त्यातून समजतं. साधारण १० वर्षांत ओढत राहिलेल्याच्या तुलनेत धोका जवळपास निम्म्यावर येतो.

दोस्तांच्या ‘एखादी’चं काय, तर दिवसाला एक सिगरेटसुद्धा हृदयविकाराचा जो जादा धोका देते तो वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! शिवाय एकीची दुसरी कधी होते हे तुम्हाला मी सांगायला नको. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ टपरीवरून उठून चालायला लागा.

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे, गोंदिया जिल्ह्यात गावी असतात, तरुणपणापासून विडी. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलाय, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आक्रसून दम लागण्याचा आजार, पंप दिलाय. सोडा म्हटलं की म्हणतात आता सोडून काय फायदा, राहिलेत किती दिवस. आणि विडी तर पानाची, सिगरेटसारखी केमिकलची नाही.

उत्तर : ताई, बाबांना सांगा की फायदा आहे, आणि मोजलेला आहे. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल या संशोधक डॉक्टरांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांचाच अभ्यास सुरू केला, ५० वर्षं चालला तो. तिशीत सोडणाऱ्यांची साधारण १० वर्षं वाचली, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीला सोडणाऱ्यांचीसुद्धा ३. सीओपीडीत पंपाने आराम पडतो, पण झीज मंदावते ती मुख्यतः विडी बंद झाल्याने.

पानाची म्हणून सौम्य हा गैरसमज घरोघरी आहे. तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी सारखी विझायला बघते, म्हणून माणूस भरभर आणि खोल झुरके मारतो, आणि धूर छातीत जास्तच जातो.

रोज रोज बोलू नका, चिडून अजून ओढतील. १८००-११-२३५६ ही सरकारी टोल-फ्री लाइन आहे, शेजारी बसून एकदा फोन लावून द्या. तलफ भागवायला निकोटिनची चघळायची गोळी (गम) घेतली तर ती साध्या च्युइंगमसारखी सतत चघळायची नाही, दोन-चारदा चावून झिणझिणलं की गालात धरून ठेवायची, आणि चहावर लगेच नको. दात नसतील तर अंगावर चिकटवायच्या निकोटिन पॅचचं विचारा. घरात चूल आहे का तेही बघा, तो धूर बाबांइतकाच आईच्या छातीत जातो, आणि सीओपीडी चुलीनेही होतो. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : फुफ्फुस साफ करणारं डिटॉक्स सिरप घ्यावं का? गूळ खाल्ल्याने साफ होतात म्हणे. आणि वेपने सिगरेट सुटते का? (वय २३, पुणे)

उत्तर : सिरपवर एक रुपया घालवू नकोस. गूळ पोटात जातो, फुफ्फुसात नाही. वेप म्हणजे ई-सिगरेट, तिची विक्री आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे, जे चोरून मिळतं त्यात काय भरलंय कोणालाच ठाऊक नसतं. सोडायचीच असेल तर निकोटिनच्या गम-पॅचचा डोस आणि गरज वाटली तर सिगरेट सोडवणाऱ्या औषधाच्या गोळ्या डॉक्टरांकडून ठरवून घे. सोडल्यावर कॉफी निम्मी कर, कारण धूर बंद झाला की कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि छाती धडधडते, झोप उडते ती कधी कधी त्याने, लोकांना वाटतं सिगरेट सोडल्यानेच होतंय.