डॅशबोर्डचं पॅनल न मोडता काढून स्टिरिओची वायर कशी तपासायची?

बेळगावजवळच्या खानापूरला आहात, जुन्या गाडीचा एक स्पीकर बंद पडलाय आणि स्टिरिओमागची वायर बघायचीय, असं तुम्ही विचारलंय. घरी जमेल.

आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. एअरबॅग असेल तर पुढे दहा मिनिटं थांबा. आत पिवळ्या आवरणातली वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला टेस्टरसुद्धा लावायचा नाही.

आपल्याकडे थंडीत सकाळी प्लॅस्टिक कडक असतं, क्लिपा कटकन तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवा. पॅनल कडेने उचकटायला स्क्रू-ड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टी घ्या. एखादी बाजू अजिबात हलेना, तर तिथे झाकणाखाली किंवा ॲश-ट्रेच्या मागे स्क्रू लपलेला असतो. जोर लावण्यापेक्षा तो शोधा. पॅनल सुटलं तरी लगेच ओढू नका, मागे बऱ्याचदा हॅझार्ड स्विचची वायर असते. कप्लरचं, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगचं, लॉक दाबून काढा, वायर धरून नाही.

एवढ्या पावसाच्या मुलखात आधी स्टिरिओमागच्या कप्लरच्या पिना गंजून हिरव्या पडल्यात का बघा. बऱ्याचदा दुखणं तेवढंच असतं. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला साधारणपणे पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी उजव्याची. मागे हिरवी डावीकडे, जांभळी उजवीकडे. काळी रेघ असलेली निगेटिव्ह. कंपनीच्या मूळ वायरिंगला मात्र हे रंग लावू नका.