छेद आधी बघ, खोदाई मग

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

कालव्याच्या कामावर रुजू झालीस आणि पहिल्याच फोनवर खोदाईचे घनमीटर सांगत सुटलीस. घनमीटर ठेकेदार मोजतो, तेही आपल्यापेक्षा चोख. तू आधी छेद बघ, म्हणजे कालव्याच्या ठरलेल्या मार्गाला (अलाइनमेंटला) रेल्वे कुठं आडवी येते, ओढा कुठं, जुना पाट कुठं.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर शिप कॅनॉलचा, म्हणजे जहाजांच्या कालव्याचा, अभ्यास याच नजरेनं कर. लिव्हरपूल बंदराचे आणि रेल्वेचे दर परवडेनात, म्हणून मँचेस्टरकरांनी जहाजंच गावात आणायचं ठरवलं. कालव्याचं विधेयक ब्रिटिश संसदेत एकदा लॉर्ड्स सभागृहानं पाडलं, एकदा कॉमन्सनी. १८८५ साली एकदाचं मंजूर झालं. १८८७ च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं आणि १ जानेवारी १८९४ ला ५८ किलोमीटरवर वाहतूक. मधल्या काळात ठेकेदार टॉमस वॉकर वारला, पुराचं पाणी खोदकामात शिरलं, पैसा आटला. शेवटी शहराच्या कॉर्पोरेशननं कर्ज दिलं आणि संचालक मंडळात बहुमतही घेतलं. (फुकट कोण देतं?)

पण रेल्वेनं आणलेला घोर वेगळाच. जहाजाच्या डोलकाठ्यांसाठी पुलाखाली ७५ फूट मोकळे हवेत. म्हणजे रूळ मैलभर आधीपासून भरावावर चढवत न्यायचे, नवा पूल बांधायचा, गाड्या तिकडे वळवायच्या, आणि मग जुना पूल पाडून खालची माती काढायची. दोन रेल्वे कंपन्यांनी गैरसोयीपोटी ५ लाख ३३ हजार पौंड मागितले. ऑगस्ट १८९३ मध्ये प्रकरण लवादाकडे गेलं, तोवर जुन्या बुटक्या पुलांना हात लावता आला नाही. त्यांच्या पदरात पडले लाखाच्या थोडे वर. कालवा सुरू व्हायला तेव्हा पाच महिने उरले होते!

आता याच कालव्यावरचं बार्टन. तिथं ब्रिजवॉटर कालवा १७६१ पासून दगडी जलसेतूवरून इरवेल नदी ओलांडत होता. त्याच्या होड्या बंद करता येत नव्हत्या आणि खालून नव्या कालव्याचं जहाज जाणं शक्य नव्हतं. मुख्य अभियंता लीडर विल्यम्सनं फिरता जलसेतू बसवला. कालव्याची दारं बंद, सेतूच्या लोखंडी नांदीची दोन्ही टोकं बंद, की पाण्यासकट सुमारे १,४५० टनांची नांद मधल्या बेटावर नव्वद अंशांत वळते. नांदीत होडी असो वा नसो, वजन तेवढंच, कारण होडी आत येताना आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते. मला मात्र त्याहून आवडतं ते हे, की नवा सेतू जुन्याच्या शेजारी उभा केला आणि जुना नंतर पाडला.

तर या आठवड्यात एल-सेक्शन (मार्गाचे चढउतार दाखवणारा उभा नकाशा) घेऊन सगळी लाइन पायी चाल. गावनकाशावर न दिसणारे पाट शेतकऱ्यांना विचार. पाटकऱ्याला तर आधी गाठ. रेल्वेच्या परवानगीचा अर्ज भूसंपादनाची वाट न बघता टाक आणि त्याची एक प्रत मला धाड.

तुझा,
काका