वेलोरेक्स १६/३५० चा डायनास्टार्टर मेला आहे. येझदीचं इंजिन बसवून किक लावली तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: चेक देशातल्या ब्र्नोजवळ तुमच्या सासुरवाडीच्या गोठ्यात १९९४ पासून वेलोरेक्स, म्हणजे तिकडची जुनी तीनचाकी गाडी, उभी आहे. बायकोच्या आजोबांना उजवा पाय नव्हता, त्यामुळे गाडीत पेडल नाहीत, सगळं हाताच्या दांड्यांवर आहे. डायनास्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो एकाच यंत्रात, तो चालत नाही. पुण्याहून येझदी २५० चं इंजिन आणून किक लावावी का, आणि गाडी रोज वापरता येईल का?

नका लावू. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण आधी इंजिन आणायचा बेत रद्द करा.

जावा-येझदीवाल्या मराठी मंडळींत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: "डायनास्टार्टर काढून फेका, आपली मैसूरची येझदी टाका, मस्त चालते." मला तो मुळापासून चुकीचा वाटतो. स्ट्रान्स्की बंधूंनी ही तीनचाकी काढली आणि नंतर ती ह्रादेत्स क्रालोवेच्या सहकारी संस्थेत १९७१ पर्यंत बनत राहिली. ज्यांना मोटारसायकल चालवणं शक्य नव्हतं अशा असंख्य लोकांच्या हाती ती गेली. किक मारायला एक धड पाय आणि तोल सांभाळायला दुसरा लागतो. आजोबांकडे ते नव्हते, म्हणून तर ती गाडी त्यांच्याकडे होती. किल्लीने सुरू होणं ही या गाडीतली चैन नाही, तिच्या असण्याचं कारण तेच आहे.

तांत्रिक बाजूनेही ते जमत नाही. तुमचं इंजिन जावा ३५० घराण्यातलं आहे: दोन सिलिंडर, ५८ बाय ६५, ३४४ सीसी, १६ अश्वशक्ती. येझदी २५० एका सिलिंडरची. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात, आणि तो दांडा सीटच्या मागे बसलेल्या इंजिनावर कुणाच्या पायाने फिरवणार? मोटारसायकलच्या इंजिनाला समोरून वारा मिळतो, इथे इंजिन माणसांच्या पाठीमागे बंद जागेत आहे. बहुतेक जुन्या येझदींची वीज सहा व्होल्टची, तुमची गाडी बाराची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रिव्हर्स जाईल. या गाडीत रिव्हर्स गिअर नाही. इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करतात, मग चारही गिअर मागे चालतात. हे काम डायनास्टार्टरच करतो. तो काढलात की तीनशे किलोची गाडी उतरून ढकलायची. पाय नसलेल्या माणसाने ती कशी ढकलायची, ते मला कुणीतरी सांगावं.

आता डायनास्टार्टर. "मेला" म्हणून जे काढून ठेवतात त्यातले बरेचसे जिवंत असतात.

पहिली तपासणी बॅटरीपासून. चांगली चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी लावा, स्टार्ट दाबून धरायला सांगा आणि मीटर थेट बॅटरीच्या टोकांवर ठेवा. दहाच्या आसपास टिकलं तर बॅटरी ठीक. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं डायनास्टार्टरच्या जाड टर्मिनलवर ठेवून पुन्हा दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष केबलचा किंवा रिलेचा (स्टार्टची वीज जोडणाऱ्या विजेच्या स्विचचा). तसंच मायनस आणि इंजिनच्या केसिंगमध्ये मोजा. अर्थिंग इथेच मार खातं, कारण ही गाडी म्हणजे नळ्यांचा सांगाडा. कुणी हौसेने सांगाड्याला पावडर कोटिंग केलं की अर्थच तुटते. बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या बोल्टपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका, सांगाड्यावर भरवसा ठेवू नका.

केबल ठीक निघाल्या तर कव्हर उघडा. कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) आपल्या स्प्रिंगने मोकळे सरकतात का पाहा. तीस वर्षांत ते होल्डरमध्ये चिकटून बसतात. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, काळा-तेलकट असेल तर पेट्रोलने पुसू नका, ब्रेक क्लीनर आणि सुती फडकं वापरा. घासायला बारीक काचपेपर घ्या. एमरी पेपर अजिबात नको, त्याची पूड वीज वाहून नेते आणि पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करते. पट्ट्यांमधलं अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आलं असेल तर जुन्या हॅकसॉ ब्लेडने सुमारे अर्धा मिलिमीटर खोल करा, नाहीतर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. नवे कार्बन लावले तर काचपेपर कम्युटेटरभोवती गुंडाळून कार्बनचं तोंड गोलाईत बसवून घ्या. शेवटी आर्मेचरचा (गुंडाळी असलेल्या फिरत्या भागाचा) अर्थ तपासा: मीटरचं एक टोक पट्टीवर, दुसरं शाफ्टवर. रीडिंग आलं तर वाइंडिंग जळलंय आणि रिवाइंडिंगवाल्याकडे जायचं. न आल्यास गाडी बहुतेक तिथेच वाचली.

कम्युटेटर तेलकट का झाला, हे न शोधता कव्हर बंद करणारे पुष्कळ. ते तेल क्रँकच्या उजव्या टोकाच्या ऑइल सीलमधून येतं. टू-स्ट्रोकमध्ये हे सील नुसतं तेल अडवत नाही, क्रँककेसमधला दाब धरून ठेवतं. ते कडक झालं की कार्बन तेलात बुडतात आणि त्याच वाटेने इंजिन बाहेरची हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, आणि थोड्याच दिवसांत उजवा पिस्टन जाम होतो. डाव्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं तर उलट होतं: गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरट-निळा धूर निघतो आणि ऑइलची पातळी उतरते. म्हणून सील बदलल्याशिवाय डायनास्टार्टर दुरुस्त झाला असं मी मानत नाही. आर्मेचर काढताना पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापरा. हातोडी मारलीत तर ही क्रँक दाबून जोडलेली असल्यामुळे तिची सरळ रेषा बिघडते, मग कितीही सील बदला.

तिसरं सील दोन सिलिंडरच्या मध्ये आहे आणि तिथपर्यंत पोचायला क्रँक सोडवावी लागते. नवी सील व्हिटॉनची (पेट्रोल-ऑइलला टिकणाऱ्या रबराची) घ्या. साधं नायट्राइल रबर इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये तितकं टिकत नाही.

उलट फिरण्याबद्दल एक चूक वारंवार दिसते. बॅटरीचे प्लस-मायनस बदलले की मोटर उलटी फिरेल असं लोकांना वाटतं. नाही फिरत. फील्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर दोन्हीतला प्रवाह एकदम उलटतो आणि मोटर त्याच दिशेने फिरते. दोघांपैकी एकाचाच प्रवाह उलटावा लागतो, ते काम रिलेचं. बॅटरी उलटी लावून चार्जिंगचा रेग्युलेटर मात्र जाळता येतो. दुसरी चूक म्हणजे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) काढून कुठलंही इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं. ठिणगी दोन्ही दिशांना पिस्टन वर पोचण्याआधी पडायला हवी, आणि एकाच दिशेसाठी बनवलेलं किट उलट फिरताना चुकीच्या वेळी ठिणगी देतं. पॉइंट ठेवा. गॅप ०.४ मिलिमीटर, दोन्ही सिलिंडरचे वेगवेगळे सेट करा. प्लग ०.६.

इंजिन पहिल्यांदा फिरवताना किल्लीला हात लावू नका. दोन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात साधारण १० मिलीलिटर टू-स्ट्रोक ऑइल घाला, दोन दिवस राहू द्या, मग गाडी चौथ्यात टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. तीस वर्षांच्या गंजावर डायनास्टार्टरचा झटका बसला तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते आणि सिलिंडरवर ओरखडा जातो. टाकी, नळी, कार्बोरेटर साफ करायला मी सांगायची गरज नाही. पेट्रोलमध्ये ऑइल जुन्या पद्धतीने १:२५, म्हणजे ५ लिटरला २०० मिली. चांगलं आधुनिक ऑइल असेल तर १:३३, ५ लिटरला १५० मिली. सिलिंडर नवा बोअर केला असेल तर पहिले पाचशे किलोमीटर १:२५ च ठेवा. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून उतरू नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मधूनमधून थोडा दाबत राहा.

हाताच्या दांड्यांच्या केबल सगळ्या नव्या करा, जुन्या चांगल्या दिसल्या तरी. त्या निपलच्या (टोकाच्या धातूच्या गोळीच्या) आत, न दिसणाऱ्या जागी तुटतात, आणि पायाचा ब्रेक नसलेल्या गाडीत केबल तुटली की दुसरा उपाय नसतो. ब्रेकची लायनिंग पट्टीवरून सुटलेली आहे का ते नखाने उचकून पाहा. चिकटवलेली लायनिंग ओलीत उभ्या गाडीत सुटते आणि ड्रममध्ये चाक अडकवते. पुढच्या दोन चाकांचा ब्रेक समान लागतो का हे खडीच्या रस्त्यावर २० च्या वेगाने बघा, दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या लांबीच्या यायला हव्यात. दांड्यांची लांबी आणि जागा बदलू नका. जोर किती लागतो हे त्यावरच ठरलेलं आहे.

कव्हरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. तिकडे या गाडीला हाद्राक म्हणतात, चिंधीवाली. सांगाड्यावर रेक्झिन ताणून फिरत्या बटणांनी अडकवलेलं असतं. जुनं फाटलेलं फेकू नका. शिवण उसवून प्रत्येक तुकडा सपाट करा, तेच तुमचे कटिंगचे नमुने. सोफ्याचं रेक्झिन वापरलंत तर पहिल्या हिवाळ्यात बटणांपाशी तडकेल. उघड्या टपाच्या गाड्यांचं किंवा होडीवरचं कापड घ्या, धागा पॉलिएस्टरचा, आणि बसवायचं काम २० अंशांच्या वरच्या दिवशी करा. थंडीत ते आखडतं आणि बटणं जुळत नाहीत. पत्रा किंवा फायबर मारून देणारेही भेटतील, त्यांना नाही म्हणा. कव्हर काढून खालच्या नळ्या लहान हातोडीने वाजवत जा. खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आला तर आतून गंज आहे. ओलं कापड नळीला चिकटून राहतं, म्हणून गंज नेहमी खालून सुरू होतो.

रोज वापराल का? रोज नाही, पण आठवड्याला शंभर किलोमीटर सहज. रिक्षाच्या उलट इथे पुढे दोन चाकं आणि मागे एक. रस्त्यात खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेण्याची सवय इथे उपयोगाची नाही, मागचं चाक बरोबर त्यात जातं. वळणावर वेग आधी कमी करायचा, वळणात नाही. हायवेवर नेऊ नका. तीस वर्षांहून जुनी असल्यामुळे क्लबची तपासणी करून ऐतिहासिक वाहनाची हिरव्या अक्षरांची नंबरपाटी घेता येते. ब्र्नोच्या उत्तरेला बोस्कोव्हित्से गावात वेलोरेक्सवाल्यांचा मेळा भरतो तिथे जा. कार्बन, सील, रिले यांचा खरा माग तिथेच लागेल, मुंबईच्या कुरिअरने नाही.

हे सगळं १६/३५० धरून लिहिलंय. प्लेटवर १६/१७५ असेल तर इंजिन चेझेट (सीझेड) या चेक कंपनीचं आहे आणि वरचं बरंच लागू होत नाही. मैसूरने दोन सिलिंडरची येझदी ३५० सुद्धा थोडी बनवली होती, पण ती नंतरच्या जावा ६३४ घराण्यातली, तिचेही भाग डोळे मिटून मागवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रममधली पूड हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

रिव्हर्स पहिल्यांदा कराल तेव्हा: गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल, इंजिन बंद, आणि ते फिरायचं पूर्ण थांबलंय याची खात्री करून मगच उलट स्टार्ट द्या. टायमिंग जास्त पुढे असलेलं टू-स्ट्रोक इंजिन बंद होता होता झटका खाऊन आपणहून उलट फिरू लागतं, आणि आवाजावरून ते कळत नाही. म्हणून दर वेळी, पुढे जायचं असो की मागे, क्लच आधी बोटभरच सोडा आणि गाडी कुठल्या दिशेला सरकते ते बघा. समोर आणि मागे दोन्हीकडे दोन मीटर जागा मोकळी हवी, आणि मागे मूल उभं नाही ना हे आधी.